साठ अंकांपर्यंत अचूक

३ मार्च, सकाळी ९.१०
संकल्प: या महिन्यात माझी लायब्ररी, म्हणजे गणितं करणारं संगणकाचं सॉफ्टवेअर, बंदर कार्यालयात कायमची बसवायची. अकरा वर्षांचं काम आहे. शंभर आकडी संख्यांचे गुणाकार-भागाकार चुटकीसरशी करते आणि अकरा वर्षांत एकही एरर दाखवलेली नाही. (बायको अजून शेजाऱ्यांना सांगते की हे लायब्ररीत असतात. परवा एकजण कादंबरी मागायला आला.)

४ मार्च
आमच्या तपासणीवाल्या मॅडमनी आज शून्याने भागून पाहिलं. मुद्दाम! सभ्य माणूस शून्याने कशाला भागेल? लायब्ररीने शांतपणे आधीच्या गणिताचं उत्तर दिलं. मीच तशी शिकवली आहे. नवं उत्तर येत नसेल तर मागचं चांगलं उत्तर द्यावं, समोरच्याला रिकाम्या हाताने पाठवू नये. मॅडमचं म्हणणं, उत्तर नसेल तर नाही म्हणून सांगा. इतर लायब्रऱ्या म्हणे 'ही संख्याच नव्हे' असा शेरा मारतात आणि तो पुढच्या प्रत्येक गणिताला चिकटतो. म्हणजे आपणच गावभर बोंब मारायची. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे यांना कोणी शिकवलंच नाही.

५ मार्च
मॅडमनी उणे चारचं वर्गमूळ विचारलं. बारा आलं, आधीच्या गणिताचं. मॅडम हसल्या. साहेबही हसले, पण कौतुकाने.

९ मार्च
साहेबांनी बजावलं, एरर नोंदवायची सोय करा. म्हटलं, पहिल्या दिवसापासून आहे! प्रत्येक एरर एका फाइलमध्ये तारखेनिशी जाते. फाइल कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. सुरक्षित आहे, म्हटलं. पासवर्ड आठवला की दाखवीन.

१६ मार्च
बसवली! खाडीतलं यंत्र माप पाठवतं, लायब्ररी त्यावरून पाण्याची खोली काढते आणि धक्क्यावरच्या पाटीवर ती झळकते. दशांश चिन्हापुढे साठ अंक. पाटी लांबवावी लागली. लाँचचा चालक म्हणाला, पहिला आकडा तेवढा मोठा करा, बाकीचे नकोत. गाढवाला गुळाची चव काय!
महिनाभर चाचणी, मग कायम.

२१ मार्च
सासरे उद्या येणार. बायकोने त्यांना बसने यायला सांगितलं होतं. मी फोन करून लाँचनेच या म्हणून आग्रह केला. ते गणिताचे निवृत्त मास्तर. लग्नाला नऊ वर्षं झाली, माझ्या कामाबद्दल त्यांनी बराही शब्द काढलेला नाही, वाईटही नाही. उद्या पाटी बघतील. मला ते हवंच आहे, इथे लिहायला हरकत नाही.

२२ मार्च, दुपारी २.४०
लाँच गाळात रुतली आहे. धक्क्यापासून पन्नास पावलांवर. पाटीवर पाणी तीन मीटर आणि वर साठ अंक. प्रत्यक्षात गुडघाभर.
कारण सापडलं. खाडीतल्या यंत्रात शेवाळ अडकलं, त्याने शून्य पाठवलं, लायब्ररीवर शून्याने भागायची वेळ आली आणि तिने सकाळच्या भरतीचं उत्तर दिलं. उत्तर बरोबरच होतं. सकाळी.
दोष शेवाळाचा आहे. हे मी लेखी देईन.

रात्री ८.००
सासरे पाच तास लाँचमध्ये बसून होते. शेवटी चालकाने पाठुंगळीला घेऊन आणलं. एक चप्पल गाळातच राहिली. बायको माझ्याशी बोलत नाही. सासरे मात्र शांत. जेवताना एवढंच विचारलं, जावईबापू, यंत्र बिघडलंय हे तुमच्या लायब्ररीला कळलं होतं का? मी अभिमानाने सांगितलं, त्याच क्षणी कळतं. मग तिने सांगितलं का नाही, असं त्यांनी विचारलं.
मी आणखी भात घेतला. भूक नव्हती.

२४ मार्च
मॅडमनी फाइल उघडली. पासवर्ड माझाच वाढदिवस निघाला. आत चाळीस हजार तीनशे बारा एरर. एकीचीही तारीख चुकलेली नाही, पण ते कोणाच्या डोळ्यांत भरलं नाही. साहेबांनी लायब्ररी काढून टाकली. बंदरातूनच नव्हे, सगळीकडून. आजपासून मी मॅडमच्या हाताखाली. जळफळाट झाला. लिहून मोकळा होतो.

२५ मार्च
पाटी उतरवली. तिच्या जागी पाण्यात एक रंगवलेला लाकडी खांब रोवला आहे. चालक त्यावरचे पट्टे बघून खोली ओरडून सांगतो. दशांश चिन्हापुढे एकही अंक नाही! कुठे नेऊन ठेवलंय बंदर यांनी!

२८ मार्च, सकाळी ७.१५
सासऱ्यांना पोचवायला धक्क्यावर गेलो. त्यांनीच लाँचने जायचं ठरवलं. दाट धुकं होतं. चालकाने खांबाकडे बघितलं आणि सांगितलं, दिसत नाही, थांबा. मी म्हटलं, अंदाजे तरी सांग. तो म्हणाला, अंदाजे नाही सांगत. वाटलं, आता लोक याला फाडून खाणार. कोणी हूं की चूं केलं नाही. पंधरा-वीस माणसं पिशव्या खाली ठेवून बसली.
सासऱ्यांनी विचारलं, जावईबापू, धुकं कधी हटेल? बारा मिनिटांत, असं अगदी ओठांवर आलं होतं. मी म्हटलं, माहीत नाही.
ते बाकावर सरकले आणि मला जागा करून दिली.
हे फक्त धुक्यापुरतं. लायब्ररीबाबत माझं मत कायम आहे.