पिवळ्या छत्रीची जागा

बेल्लारिया, ३ जून १९९८

चि. नीवेस हीस ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तू रडतेस आणि मी ओरडते, म्हणून पत्रच बरं. किनाऱ्यावरचा माझा पियादा-रोट्यांचा ठेला परवा उघडला. हिरवे-पांढरे पट्टे नव्याने रंगवून घेतले. तवा तोच, आईचा. गुडघे मात्र आईचे नाहीत. ती सत्तरीतही धावायची, आणि मी ठेल्याच्या पायऱ्या चढताना झाडून सगळ्या संतांना हाका मारते.

वाईट बातमी आधीच सांगून टाकते. लेआर्कोने छत्र्या बदलल्या! त्याच्या बापापासून त्याच्या हद्दीतल्या भाड्याच्या छत्र्या पिवळ्या, आणि आता सगळ्या हिरव्यागार. म्हणतो, पिवळा रंग उन्हात लवकर विटतो. मी त्याला म्हटलं की विटलायस तर तूही, मग तुला का नाही कुणी बदललं. तुमची जागा मात्र त्याने राखली आहे, तिसऱ्या रांगेतली, फळ्यांच्या वाटेला लागून. गेल्या ऑगस्टमध्ये तुम्ही नसताना रोज सकाळी तो ती छत्री उघडायचा आणि संध्याकाळी मिटायचा. खाली दोन रिकाम्या खुर्च्या. ठेल्यातून त्या मला दिसत राहतात गं, आणि पियादा करपते.

तुझ्या गास्तोंला जाऊन आता दुसरा उन्हाळा आला. यंदा ये. वाळूत तिसऱ्या शिंपल्या भरपूर निघतायत. लसूण घालून पातेलंभर करते, रस्सा पियादाने पुसून खाऊ.

कळावे. लोभ तव्यासारखा तापता राहू दे.

तुझी,
देल्फिनाताई


लिएज, १९ जून १९९८

ती. ताईस, सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. कागदाला पीठ लागलं होतं. मी तो हुंगला, आणि शेजारीण खिडकीतून बघत होती. आता साऱ्या गल्लीला कळेल की गास्तोंची विधवा कागद हुंगत बसते.

इथे गास्तोंच्या देशात मी पियादा करून पाहिली. पीठ मळलं, डुकराची चरबीही मिळवली, लाटली तुमच्यासारखीच. पण चव अगदी पोरकी. आत भरायला आपलं ते पाझरणारं मऊ चीजही मिळत नाही. चीजवाल्याला हातवारे करून समजावलं, तर त्याने मला दही दिलं.

ताई, खरं सांगू? मला यावंसं वाटतं, रोज वाटतं. पण त्या खुर्चीचं काय करू? तो मोजे घालून वाळूत बसायचा आणि भाजलेली तारली मासळी काट्यासुरीने खायचा. मग तुम्ही ठेल्यातून बाहेर येऊन भर किनाऱ्यावर त्याला सुनावायचात की तारली हाताने धरायची असते आणि मुका घेतल्यासारखी ओठांनी सोलायची असते. तो लाजून लालेलाल व्हायचा. पुढच्या वर्षी पुन्हा काटासुरी घेऊन हजर! एका खुर्चीत मी बसले तर दुसरी दिवसभर माझ्याकडे बघत राहील. मला ते झेपायचं नाही.

आणि आता छत्र्याही हिरव्या. मग माझं तिथे ओळखीचं काय राहिलं?

गुडघ्यांना जपा. माया आहे तशीच असू द्या.

तुमची,
नीवेस


बेल्लारिया, ८ जुलै १९९८

चि. नीवेस हीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

ओळखीचं काय राहिलं म्हणतेस? मी काय मेले? मी आहे की, चांगली नव्वद किलोंची!

आणि छत्रीच्या रंगाचं कौतुक तू तर मला सांगूच नकोस. पिवळ्या होत्या तेव्हा तरी तुला कुठे जागा सापडायची? आपला समुद्र असा की कितीही आत गेलं तरी पाणी गुडघ्याएवढंच. पोरं चालत सुटतात, आणि बाहेर येतात ती भलत्याच रंगाच्या छत्र्यांत. त्यात तू पहिली. दर उन्हाळ्यात खांबांवरचे कर्णे बोलायला लागायचे की नीवेस नावाची मुलगी सापडली आहे, अंगात लाल कपडे आहेत, घरच्यांनी घेऊन जावं. आई तव्यापाशी अडकलेली, ती मला पिटाळायची, जा म्हणायची, तुझं सामान सोडवून आण. तापल्या वाळूतून अनवाणी पळत मी पोचायचे, तर तू बाकावर पाय हलवत पीच खात बसलेली. तू मुद्दाम हरवायचीस, हे किनाऱ्यावरच्या खेकड्यांनासुद्धा ठाऊक होतं. तरी मी पळायचे.

आता मुद्द्याचं. पार्माचा एक दातांचा डॉक्टर बायकापोरांसह आलाय, आणि त्याला हीच जागा हवी आहे. लेआर्को बिचारा डोकं खाजवत माझ्यापाशी आला. पंधरा ऑगस्टच्या आपल्या उन्हाळी सणापर्यंत तो थांबेल, पुढे नाही. एकदा दुसऱ्याचं नाव लागलं की ती जागा त्यांच्या नातवंडांपर्यंत जाते, हे तुलाही माहीत आहे.

नीवेस, मला तुझी फार आठवण येते. लिहून टाकलं. हसू नकोस.

लोभ आहे, पण तुझं तोंड बघितल्याशिवाय तो आता वाढायचा नाही.

देल्फिनाताई


लिएज, ३० जुलै १९९८

ती. ताईस, सा. न. वि. वि.

हसले नाही. दोन दिवस उत्तर लिहिते आहे आणि फाडते आहे.

पार्माच्या डॉक्टरांना जागा देऊन टाका. पोरं तरी खेळतील. रिकाम्या खुर्च्यांपेक्षा ते बरं. बॅग पलंगाखालून काढली होती, तर आत गास्तोंचे मोजे निघाले, वाळूसकट. ती झाडायला हात होईना. बॅग पुन्हा आत सरकवली.

माझी वाट बघू नका, ताई. वाट बघताना तुम्ही उभ्या राहता, आणि मग गुडघे दुखतात.

एवढंच. रागवा, पण माया कमी करू नका.

तुमची,
नीवेस


बेल्लारिया, १५ ऑगस्ट १९९८, दुपार

चि. नीवेस हीस आ.

रागावलेच आहे, म्हणून आशीर्वाद अर्धाच लिहिलाय.

आज सण. सकाळपासून ठेल्यापुढे ही रांग. आता जेवणं उरकली आहेत. पोट जड असताना पोरांना पाण्यात सोडायचं नाही, म्हणून आया त्यांना छत्र्यांखाली दाबून बसल्या आहेत आणि बाप घोरतायत. सकाळी लेआर्को दोनदा आला. संध्याकाळी सांगते म्हणून मी त्याला परतवलं. संध्याकाळी मी हो म्हणणार आहे. तू सांगितलंस तसंच करते. तारल्या मात्र सवयीने दोघींच्या आणल्या गेल्या. आता त्या मांजर खाईल, आणि तेही हाताने, तुझ्या नवऱ्यासारखं नाही.

तुला आणखी बरंच बोलायचं होतं, पण एकटीने भांडायला मजा येत ना

थांब. कर्णा बोलतोय.

कर्ण्यावरची बाई नेहमीच्या गंभीर आवाजात सांगते आहे की नीवेस नावाची मुलगी सापडली आहे, अंगात लाल कपडे, वय वर्षं छप्पन्न, हिरव्या छत्र्यांत वाट चुकली आहे, आणि घरच्यांपैकी ताईनेच येऊन घेऊन जावं, दुसऱ्या कुणाबरोबर जायला ती तयार नाही.

आता पुन्हा सांगते आहे. अख्खा किनारा हसतोय. घोरणारे बापसुद्धा उठून बसले. मला अक्षर दिसत नाही, डोळ्यांत पीठ गेलंय.

तव्यावर पियादा आहे, करपू दे. गुडघ्यांना काय म्हणायचं ते म्हणू दे, मी पळणार आहे.

बाकी समक्ष.