निळ्या पातळाची अट

मी, अन्नपूर्णाबाई, कै. जनकोजीराव यांची विधवा, वय पासष्ट, राहणार एग्मोर, मद्रास, कोणाच्याही दडपणाशिवाय व डोके ठिकाणावर असताना हे लिहून ठेवते. आधीचे मृत्युपत्र माझी धाकटी जाऊ गोदा हिच्या नावे होते. ती गेल्या महिन्यात वारली, म्हणून ते रद्द समजावे.

एक. पुढल्या खोलीतला टाइपिंगचा वर्ग, दोन्ही यंत्रे व बाके, तिथे शिकवणाऱ्या कनकाला द्यावीत. गोदा आणि मी, दोघी विधवा, उतारवयात हे काम शिकलो. यंत्राच्या कळा बघून दीर दत्ताजीराव तेव्हा हसले, "वहिनी, म्हातारपणी हार्मोनियम का?" पुढे स्वतःच्या मुलीला त्यांनी आमच्याकडेच धाडले. पन्नाशीनंतर बाई फक्त झिजते, असे मला शिकवले होते. ते खोटे आहे. माझी खरी वाढ पन्नाशीनंतरच झाली.

दोन. वर्गाच्या कमाईतून घेतलेले, माझ्या नावावरचे हे घर दत्ताजीरावांचा मुलगा पद्मनाभ यास मिळावे. अट एकच: माझा देह निळ्या पातळात जावा. वर्ग सुरू झाला त्या दिवशी आम्ही दोघींनी विधवेचे पांढरे नेसणे सोडले होते. गोदा गेली तेव्हा मी तिला निळेच नेसवले. दत्ताजीरावांनी जॉर्ज टाउनहून पांढरे आणवले. मी म्हटले, "भावजी, चौदा वर्षं ती हेच नेसत होती."

"जिवंतपणी ऐकलं नाही," ते म्हणाले. "आता ऐकेल."

पातळ बदलले गेले.

अट मोडल्यास घर कनकाचे. घर देऊन अंगावरचे कापड विकत घ्यावे लागते, याची लाज मला नाही. ज्यांना असावी त्यांनाही नाही.

तीन. तेराव्याला पहिले पान दत्ताजीरावांना वाढावे. ते नेहमीच पहिले बसतात.

चार. या मृत्युपत्राची अंमलबजावणी कनकाने करावी.

साक्षीदार: कृष्णस्वामी, वकील, आणि सईबाई, दत्ताजीरावांची पत्नी. गोदाचे पातळ नवऱ्याच्या सांगण्यावरून हिनेच बदलले होते. आज सहीसाठी पेन तिने आपणहून मागितले. मी विचारले, "भावजींना कळलं तर?"

ती म्हणाली, "कळू द्या, अक्का. उद्या माझ्यावर वेळ आली, तर माझं कोण लिहून ठेवणार?"

सही: अन्नपूर्णाबाई
सही: कृष्णस्वामी
सही: सईबाई

एग्मोर, मद्रास
२२ जून १९६२