राणीला हाकलायचं की ठेवायचं

शुक्रवार, २ फेब्रुवारी १९९६. पेण

हॉल मिळाला. रविवार १८ तारीख, दुपारी दोन ते सहा. मंडपवाल्या केरूने रोह्याहून फोन करून सांगितलं. हॉलची पावती हातात धरूनच बोलत होता, म्हणजे खरं. कारण काय दिलंस, विचारलं. "आपल्या नाटकमंडळाचा वर्धापनदिन. त्यात खोटं काय हाय?" खोटं काही नाही. फक्त पूर्ण नाही.

बातमी लिहितो तसं एकदा सरळ मांडून ठेवतो, म्हणजे डोकं जागेवर राहील. ‘राणीला मिशी’ मी लिहिलं रोह्याच्या कंपनीतल्या कामगारांसाठी, सत्यनारायणाच्या पूजेला हसायला म्हणून. राजा होडीतून नवी राणी आणतो, घुंगट उघडतो, आत मिशी. एवढंच. पण लोकांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं. होडीच्या गाण्याला सगळा मांडव हाताने वल्ही मारतो. प्रधान आला की सगळे खोकतात. राणी म्हणाली "मी नाजूक", की लोक ओरडतात "किती गो?" आणि ती म्हणते "शेवग्याच्या शेंगेएवढी". शेवटी राजा लोकांकडे वळतो. "सांगा रे, काय करू हिचं?" लोक म्हणतात "हाकल!" मग कुरमुरे उडतात आणि राणी गर्दीतून वाट काढत बाहेर जाते.

पाच-सहा वर्षं मागच्या रांगांत काही माणसं साडी नेसून, गजरे माळून बसतात. गावाला वाटतं, नाटकाची गंमत. ती आमची माणसं. पुरुषावर जीव असलेले पुरुष, पनवेलच्या दोघी बाया एकमेकींच्या, मुंबईचा प्रवीण आणि त्याची मित्रमंडळी. वर्षातून एकदा मोकळं बसायला त्यांना दुसरी जागा नाही. मीही त्यांतलाच, फक्त पुढच्या रांगेत, खिशात पेन घेऊन. त्यांना एक प्रयोग फक्त स्वतःसाठी हवाय. "आपला दिवस" म्हणतो प्रवीण.

सोमवार, ५ फेब्रुवारी

दामू आला होता. गणपतीच्या कारखान्यातून थेट, बोटांवर रंग. आमच्याकडे मूर्तींचं काम वर्षभर चालतं आणि डोळ्यांची आखणी त्याच्याकडे असते. राणी पहिल्यापासून तोच करतो.

ताईने, माझ्या थोरल्या बहिणीने, चहा ठेवला. "काय गो राणीसाहेब, आज पायी?" ती त्याला अशीच बोलते. तो पण लगेच, "घोडा धुवायला दिलाय, चंद्रावतीताई." ती हसत आत गेली. तो बोटांवरचा रंग खरवडत बसला.

म्हणाला, "दादा, इतकी वर्सं हाकलून घेतलंय. आपली मान्सं असतील तवा तरी एकदा ठेवून बघा ना."

मी म्हटलं, लोकच ठरवतात ते. लोकांनी "ठेव" म्हटलं तर राजा ठेवेल. मी त्यापुढचं गाणं लिहितो.

"कवा देनार?"

"गुरुवारी."

गुरुवार म्हणालो तेव्हा त्याचा चेहरा उजळला; मी बघायला नको होता. हे गाणं आता नुसतं काम राहिलं नाही.

गुरुवार, ८ फेब्रुवारी

गाणं झालं नाही. वरवणे धरणाच्या कालव्याची बातमी झाली.

रविवार, ११ फेब्रुवारी

गाणं झालं. आठ ओळी. चांगल्या नाहीत, पण गाता येतील. तीस वर्षं वेळेत मजकूर देऊन एवढंच शिकलो: बरं झालं की द्यायचं.

तालीम केरूच्या मंडपाच्या गोदामात. राजा करतो भरत. कंपनीत शिफ्टला असतो, बायको-मुलं आहेत, आमच्यातला नाही. आवाज खणखणीत, मनात काही काळंबेरं नाही. नवा शेवट समजावला. त्याने नीट ऐकलं. "म्हंजे लोक ठेव बोलले तर मी हिचा हात धरायचा?" हो. "आन् गायचं?" हो. "धरतो. नाटकच हाय." मग दामूला म्हणाला, "हात धू जरा येताना, मागल्या टायमाला माझ्या शेल्याला निळा रंग लागला." दामू म्हणाला, "तो धुतला तरी जायचा नाय, राजा."

दोघं हसले. मी घरी आलो तो पाय ओढतच. हल्ली कशानेही दमतो.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

प्रवीणचा फोन. चाळीसेक जण येणार, सगळे "ठेव" म्हणायला. एकाने विचारलंय, पेपरात येणार नाही ना? मी म्हटलं, पेपर मीच आहे इथला.

शनिवार, १७ फेब्रुवारी

दामूने राणीची जुनी साडी बाजूला ठेवली. आईच्या लग्नातलं लुगडं आणलंय. आईला सांगितलंस का? "सांगितलं. बोलली, इस्त्री कर, चुरगळलंय." आणखी काही नाही बोलली? "नाय. पन पेटीतून तिनंच काढून दिलं."

रविवार, १८ फेब्रुवारी. रोहा

केरूच्या घरी बसून लिहितोय. अंधार पडायच्या आत संपलं सगळं.

सुरुवात इतकी चांगली होती. हॉल भरला. माणसं एसटीतून साध्या कपड्यात उतरत होती आणि हॉलच्या मागच्या खोलीतून राणी होऊन बाहेर येत होती. वीस-पंचवीस राण्या, कुणाची नऊवारी, कुणाची बेडशीट. पनवेलच्या दोघींनी फेटे बांधले होते. एक पोक्त गृहस्थ, बँकेत आहेत म्हणे, नुसती नथ घालून कोपऱ्यात बसले. होडीच्या गाण्याला वल्ही मारता मारता त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हात थांबत नव्हते. प्रधानाला असे खोकले की तो वाक्य विसरला. "किती गो?" ला छप्पर हललं.

मग घुंगट उघडला. भरत लोकांकडे वळला. ढोलकीवाल्याने नेहमीची थाप दिली, दोन लहान, एक मोठी. आणि भरतने विचारलं, नेहमीच्याच ठसक्यात, "सांगा रे, काय करू हिचं?"

सगळे ओरडले, "हाकल!"

सगळे. ठेव म्हणायला मुंबईहून आलेले. फेटेवाल्या दोघी. नथवाले गृहस्थ. केरू, लाउडस्पीकरजवळून. मी. ती थाप पडली की तोंडातून तोच शब्द निघतो, इतक्या वर्षांत जिभेला दुसरा माहीतच नाही. मागून दोन मुठी कुरमुरेही आले.

कुरमुरे टाकणारे हात तसेच वर राहिले.

कुणीतरी बारीक आवाजात "ठेव, ठेव" म्हणायला लागलं. आणखी काही जण. पण तोवर दामूने लुगड्याचा ओचा सावरला होता. भरत गोंधळून माझ्याकडे बघत होता, कारण नियम साधा आहे: लोक बोलले, संपलं. दामू पायऱ्या उतरला, मधल्या वाटेने चालत गेला, कुणाकडे न बघता. दार उघडलं. बाहेर लखलखीत ऊन होतं. तो मिशी-मळवटासकट रस्त्यावर गेला.

केरू सायकल घेऊन मागे धावला. सापडला नाही.

आतमध्ये प्रवीण खुर्चीवर बसून होता, अंबाड्याच्या पिना काढत. "मी पण ओरडलो, दादा. सगळ्यात मोठ्यांदा." माणसं पुन्हा साध्या कपड्यात आली आणि एकेक करून स्टँडकडे गेली.

गाणं झालंच नाही.

सोमवार, १९ फेब्रुवारी. पेण

सकाळी बातम्यांचं पाकीट द्यायला स्टँडवर गेलो. कंडक्टर ओळखीचा, रोज पाकीट नेतो. म्हणाला, "तुमची राणी काल माझ्याच गाडीला होती की. रोह्यापासून." पाकीट हातातच धरून विचारलं, कुणी काही बोललं का? "पोरं हसली पयल्यांदा. मग एका म्हातारीनं सरकून जागा दिली. बोलली, बस गो बाय. मग कोन हसतंय?" तिकीट? "फुल घेतलं. राणीसाहेबांना फुकट बोललो तर हसला पन नाय."

मंगळवार, २० फेब्रुवारी

दामू कारखान्यात गेलेला नाही. घरी गेलो तर आई म्हणाली, खाडीवर बसलाय, येईल. नाही आला.

ताई जेवताना म्हणाली, "भांडलास का त्याच्याशी?" नाही. "मग चेहरा कशाला असा?" दमलोय म्हटलं. "कायम दमलेला असतोस," म्हणाली आणि आमटी वाढली.

शुक्रवार, २३ फेब्रुवारी

आज दामू भेटला, कारखान्यात. फळीवर ओळीने गणपती, अजून डोळे नसलेले. मी स्टुलावर बसलो. तो काम करत राहिला.

चूक झाली म्हटलं. सवय होती. कुणाच्या मनात नव्हतं.

"म्हाईत हाय."

मग राग कसला?

"लोकांचा राग नाय, दादा." कुंचला पाण्यात बुडवला, झटकला. "तुमच्या घरी मी येतो, तवा चंद्रावतीताई बाहेर जाऊन आळीला इचारते का, ह्याचं काय करू? चहा टाकते. भरत इचारतोच कशाला?"

नाटकात आहे तसं, मी म्हणालो.

"नाटक तुमी लिवलंय ना."

तो पुढच्या गणपतीकडे सरकला. जरा वेळाने म्हणाला, शिमग्याला खांब गावात प्रयोग ठरलाय त्याचं काय. मी म्हटलं, तू नसशील तर रद्द. तो म्हणाला, "मी हाकलून घ्यायला येनार नाय आता. ठेव बोलतील का हाकल, ह्याची वाट बघत उभं ऱ्हायला पन नाय. दुसरा बघा."

दुसरा कुठला? दामूशिवाय ती राणी नाही. पण मला प्रयोगाची काळजी वाटत नव्हती. तो मान वर करत नव्हता, त्याची वाटत होती.

रविवार, २५ फेब्रुवारी

राजाचा प्रश्न काढून टाकला.

एक वाक्य आणि त्यावरची थाप. घुंगट उघडतो, मिशी दिसते, राजा बघतो. मग म्हणतो, "दमली असशील. बस." गादीवर सरकून जागा करतो. गाणं सुरू.

पंधरा मिनिटांचं काम. एवढी वर्षं केलं नाही.

बुधवार, २८ फेब्रुवारी

दामूला वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं. मग विचारलं, "खांबला? सगळ्या गावासमोर?" हो. "गाव ओरडेल की." ओरडू दे. राजाने विचारलेलं नाही. त्याने "बरं" म्हटलं आणि बोटं पुसली.

रोह्याला जाऊन भरतला भेटलो. शिफ्ट सुटून येत होता, हातात डबा. त्याने दोन्ही पानं उभ्यानेच वाचली. चांगला माणूस आहे, वाईट वाटायला लागलं होतं त्याला.

"दादा, मागं लोक ठेव बोलले असते तर हात धरला असता. ती लोकांची गंमत झाली असती. आता मी कुनाला न इचारता हिला बाजूला बसवायचं. मग लोक मला इचारतील ना. सासरा तिथंच बसलेला असतो. कंपनीत पन इचारतील."

मी म्हटलं, विचारतील.

"मला नाय जमायचं. रागावू नका."

रागावलो नाही. एसटीत खिडकीशी बसून आलो. ज्याला कुणी कधी विचारलेलं नाही, असा एक माणूस मला माहीत आहे. पन्नाशीचा, अविवाहित, पेपरात काम करतो म्हणून सगळ्यांनी सोडून दिलेला.

शुक्रवार, १ मार्च

राजा मी करतोय. दामूला सांगितलं. तो म्हणाला, "तुमचा आवाज मागच्या रांगेपरेंत जायचा नाय." तालीम उद्यापासून.

ताईलाही सांगितलं. खांब तिचं सासर; ती माझ्याकडे राहते, तरी दीर-जावा तिथे पुढच्याच रांगेत असतात. तिने सगळं ऐकलं, राणीला बसवतो तिथपर्यंत. मग म्हणाली, "म्हणजे नाटक नाही हे." नाही म्हटलं. ती उठून आत गेली. परत येऊन म्हणाली, मीही येणार, गाडीत माझी जागा धर.

प्रयोग शनिवारी ९ तारखेला, होळीनंतर. घुंगट उघडला की खांबचे लोक प्रश्नाची वाट बघतील.