पॅरिस, मंगळवारी अकरा वाजता

२ जानेवारी, शुक्रवार

संकल्प. एक: रोज साडेपाचला उठणे. आज आठ वाजले. नाशिकच्या थंडीत साडेपाचला फक्त दूधवाले आणि मूर्ख उठतात. दोन: मोबाईलवर रोज अर्धा तास फ्रेंच. तीन: मोहिनीला सहा आठवड्यांत ताळ्यावर आणणे.

तिसरा सर्वांत सोपा. डॉक्टर डिमेन्शिया म्हणतात. डॉक्टरांना प्रत्येक गोष्टीला नाव लागतं. ती रोज इंदिरानगरच्या केंद्रात जाते, तिथे सगळेच विसरभोळे. केंद्र चालवणारी चैताली, वय अठ्ठावीस, दर मंगळवारी आठवणींचा तास घेते. म्हाताऱ्यांच्या हातात जुन्या वस्तू द्यायच्या, म्हणजे ते बोलते होतात म्हणे. या आठवड्यात काय होतं, तर जातं, कंदील आणि शाळेची पाटी. भंगारवाला परवडला.

मी चैतालीला स्पष्ट सांगितलं की माणसाला आयुष्यातलं सर्वोच्च आठवलं पाहिजे. मोहिनीचं सर्वोच्च म्हणजे पॅरिस. २०११, अकरा दिवस, सात देश. पाटबंधारे खात्यातल्या किती हेडक्लार्कांनी बायकोला पॅरिस दाखवलं? खात्यातल्याच शेजवळने सिंगापूर दाखवलं. सिंगापूर म्हणजे मोठा मॉल.

दिवाळीपासून ती मला ओळखत नाही असं चैतालीचं मत. मोहिनी फक्त पाहुण्यासारखा चहा विचारते. पॅरिस आठवलं की मी आठवणारच. नेलं कोणी?

४ जानेवारी, रविवार

चैताली राजी. चित्रं कुठलीही चालतील, लोक बोलले पाहिजेत, म्हणाली. ‘कुठलीही’ हा शब्द मनाला लागला, पण मोठेपणाने सोडून दिला. मंगळवारी अकरा ते बारा माझे. सर्वांनी मला सर म्हणायचं अशी अट घातली.

फ्रेंच: बोंजूर, मेर्सी. कवळी सैल आहे, पुढचं उद्या.

६ जानेवारी, मंगळवार

पहिला तास. आयफेल टॉवरचं रंगीत चित्र. जनता नऊ, त्यांपैकी जागे सहा.

विचारलं, हे काय? नामपूरच्या चिमाजींनी चष्मा पुसला, चित्र उलटं करून पाहिलं आणि जाहीर केलं की हाऊ ते लाइटना टावर शे, आमना वावरमा बी शे. मग टॉवर शेतात आल्यावर भरपाई कशी मिळाली नाही, भाऊ कसा भांडला, कांदा कसा तुडवला, हे वीस मिनिटं. गेले दोन महिने हा माणूस तोंडातून शब्द काढत नव्हता म्हणे. तेच बरं होतं.

चैताली टाळ्या वाजवत होती. हिला बी.ए.ला कोणी पास केलं?

मोहिनी खिडकीबाहेर बघत होती. पहिलाच तास. तिला गर्दीत बोलायला संकोच वाटतो.

७ जानेवारी

फ्रेंच नाही. डोळ्यांत मोबाईलचा प्रकाश जातो.

१३ जानेवारी, मंगळवार

आज फ्रान्सचे द्राक्षमळे. वाटलं, नाशिकची माणसं, निदान इथे तरी इज्जत राखतील.

सायखेड्याच्या लंकाबाईंनी चित्र हातात घेतलं आणि फ्रान्सची चूक काढली. लय गर्दी ठेवलीय घडांची, विरळणी केलेली नाय, मुकादम झोपला होता का, असं मलाच विचारलं. जसा मी मुकादम. मग हवेतच कात्री चालवून दाखवली. तीस वर्षं बागेत रोजाने गेलेली बाई; आज मुलाचं नाव सांगता येत नाही, पण कुठला मणी ठेवायचा आणि कुठला पाडायचा हे बोटांना ठाऊक. बाकीच्या बायकाही हवेत कात्र्या चालवू लागल्या. वर्गात शिस्त म्हणून राहिली नाही.

मोहिनीही चालवत होती! ती आयुष्यात बागेत गेलेली नाही, वडील पोस्टमास्तर. पण लंकाबाईंच्या शेजारी बसून खो खो हसत होती. दिवाळीनंतर पहिल्यांदा हसली. लंकाबाईंच्या विनोदाला. माझ्या फ्रान्सला नाही.

चैताली म्हणाली, सर, केवढा छान तास झाला. मी चित्र गुंडाळून घरी आणलं.

१६ जानेवारी, शुक्रवार

संध्याकाळी मोहिनीने पोहे केले, मीठ दोनदा. मग विचारलं, सर, तुम्ही रोज इतका वेळ इथे बसता, घरी कोणी वाट बघत नाही का? मस्करीची तिची जुनी सवय. मी हसलो. ती हसली नाही.

२० जानेवारी, मंगळवार

कॉलेज रोडच्या बेकरीतून क्रोसाँ. चवीतून स्मृती जागते असं कुठेतरी वाचलं होतं. नऊ जणांनी ते चहात बुडवले आणि खारी मऊ पडली म्हणून तक्रार केली. चिमाजींनी दोन खिशात घातले. असल्या लोकांसमोर पॅरिस मांडणं म्हणजे माझीच चूक, पण आता माघार नाही. पुढच्या महिन्यात हा प्रयोग जिल्हा पातळीवर नेणार.

२२ जानेवारी

अल्बम काढला. टॉवरच्या टोकावरचा माझा फोटो अप्रतिम आला आहे. मागे सगळं पॅरिस. मोहिनी फोटोत नाही कारण फोटो तिने काढला.

२३ जानेवारी

फोटो बहुधा टूरमधल्या कोणीतरी काढला. तपशील महत्त्वाचा नाही.

२७ जानेवारी, मंगळवार

तास रद्द. लंकाबाईंचा वाढदिवस. मला न विचारता.

पण उपाय सापडला. लहान चित्रांनी काही होणार नाही. आठ फुटी फ्लेक्स! टॉवर, आणि खाली एका कोपऱ्यात माझा फोटो. टॉवर आणि मी एकत्र दिसलो की मोहिनीच्या डोक्यात जोडणी होणार. साधं इंजिनिअरिंग आहे. चौकातल्या बंटी फ्लेक्सवाल्याकडे ऑर्डर दिली.

३१ जानेवारी

फ्लेक्स आला. बंटीने त्याच्या नेहमीच्या साच्यात टाकला. मी सहा फूट, हात जोडलेले (हात कोणाचे देव जाणे), टॉवर माझ्या कानाएवढा. वर ‘हार्दिक हार्दिक’. पुढे काय लिहायचं ते मी सांगितलं नव्हतं म्हणे. महामूर्ख. झापून टॉवर मोठा करून घेतला. मी अजून चार फूट आहे. चालेल.

३ फेब्रुवारी, मंगळवार, दुपारी चार

फ्लेक्स टांगला. चिमाजींनी उठून माझ्या फोटोला नमस्कार केला आणि मलाच हळूच विचारलं, हाऊ मानूस कव्हय गया? म्हणजे, कधी वारला. मी शेजारीच उभा होतो.

मग मोहिनी उठली. आपणहून. फ्लेक्ससमोर जाऊन उभी राहिली आणि चैतालीला म्हणाली, हे पॅरिस.

जिंकलो होतो मी. लंकाबाईंकडे बघून घेतलं.

मोहिनी बोलत राहिली. एवढी वाक्यं मी तीन महिन्यांत ऐकली नव्हती. म्हणाली, आमचे हे वर गेलेत. मला म्हणाले, तुझे गुडघे दुखतात, दोन तिकिटं कशाला, तू खाली बस, बॅगा सांभाळ. फार वारा आहे इथे. बाथरूमला जायचंय, पण बॅगा टाकून कशी जाऊ, आणि विचारू कोणाला, भाषा येत नाही.

नोंद करून ठेवतो: रांग मोठी होती. तिचे गुडघे तेव्हा खरंच दुखत होते. म्हणजे दुखले असते. पावणेतीन तास लागले, पण ती एका शब्दाने बोलली नव्हती. चौदा वर्षांत कधीच बोलली नाही. मला वाटलं, तिला आवडलं.

लंकाबाई माझ्याकडे बघत होत्या. मग मोहिनी माझ्याकडे वळली. म्हणाली, सर, तुम्हाला तिथली माहिती आहे. उतरायला दुसरीकडून रस्ता आहे का? हे अजून आले नाहीत.

फोटोकडे बोट दाखवता आलं असतं. चार फुटांचा होता. मी म्हणालो, वर फार गर्दी आहे, येतीलच.

मग मी बसते, म्हणाली, आणि बसली. मी शेजारच्या खुर्चीवर बसलो. तिने माझ्या बाजूची पर्स उचलली आणि पलीकडच्या बाजूला ठेवली.