बाबांना मिळालेली माफी

लाडक्या मिथुन,

आई गेल्यावर तिच्या जुन्या व्हॉइस मेसेजवरून एआयने बनवलेला आवाज तू बाबांच्या फोनमध्ये घालून दिलास. तो हुबेहूब आहे.

परवा बांधावर बसून बाबा त्याला म्हणाले, "बुधी, तुला डहाणूच्या दवाखान्यात न्यायला मी उशीर केला."

आवाज म्हणाला, "मी केव्हाच माफ केलंय."

त्या दिवशी बाबा पोटभर जेवले.

आईने त्यांना माफ केलं नव्हतं. शेवटच्या दिवशी तिनेच मला सांगितलं.

काल बाबांनी विचारलं, "रविना, ती खरंच असं म्हणाली असती ना?"

मी हो म्हणाले.

तुझ्यावर राग नाही रे. पण हे वाचून तू तो आवाज बंद करशील, म्हणून पत्र पाठवत नाही.

तुझीच ताई,
रविना
सायवन