खोकल्याला आमेन समजू नये

बाईसाहेब,

माणसाच्या आत्म्यावर आजवर जेवढे जुलूम झाले, त्यांत आजचा जुलूम अव्वल आहे. निदान आपल्या स्वयंपाकघरात चहाच्या आधी झालेल्या जुलमांत तरी.

आपलं ठरलं काय होतं? रोज सकाळी दहा मिनिटं. मी एक स्तोत्र वाचायचं, तू छोटीशी प्रार्थना करायची, मग चहा. सोमवारी तू जगाच्या शांतीसाठी प्रार्थना केलीस, मी खणखणीत आमेन म्हटलं. मंगळवारी म्हणालीस, "प्रभू, या घरातल्या हट्टी माणसाला नम्र कर." घरात माणसं दोनच! तरी आमेन म्हटलं. आणि आज? "प्रभू, यांचा धाकटा भाऊ दवाखान्यात पडलाय आणि हे तीन वर्षांचा अबोला कुरवाळत बसलेत. यांना सुबुद्धी दे."

डोळे मिटून बसलेल्या माणसाला असं कोंडीत पकडतात का? मला सुनवायचं ते तोंडावर सुनाव. देवाला मध्ये घालून टोमणे मारू नकोस. त्याला इतरही कामं असतात. आमेन म्हणावं तर तुझ्यापुढे हार, न म्हणावं तर देवाशी वैर. म्हणून मी नुसता खोकलो.

फिरायला जातोय. राग मोठा असल्यामुळे लांबचा फेरा घेईन. उद्याची प्रार्थना मी करणार आहे, आणि तुझ्याविषयी प्रभूच्या कानावर बरंच घालायचंय.

तुझ्या दिराचा नवा नंबर माझ्याकडे नाही. या चिठ्ठीच्या पाठीमागे लिहून ठेव. आकडे जरा मोठे काढ.