नाल्यावरचं बुजगावणं

वडनेर, मंगळवार

प्रभाकर भाऊजींले रुख्मिणी वहिनीचे पोटभर आशीर्वाद. इकडे सारे सुखरूप. तुमचा मोडलेला हात जुळला, असं तुमच्या बहिणीनं, जिजाबाईनं, वर्ध्याहून लिहिलं. वाचून जिवात जीव आला. पण आता सवारीची मोटार चालवतच नाई म्हणता, ते काऊन? नाल्यापाशी घोड्याएवढा नीलगाईचा रोही सडकेवर आडवा आला, त्यात तुमचा काय गुन्हा? तुम्ही वाचले, हेच देवाचे उपकार (त्या रोह्यासाठीही मी रडली, खोटं नाई बोलत).

तेव्हापासून तुमच्या दादांनी ध्यास घेतला, की नाल्यापाशी रोही सडकेवर येऊच द्यायचे नाईत. आधी झाडाले रिकामे डबे टांगले. वाऱ्यानं डबे वाजले, रोही निवांत चरत राह्यले, आन् रूपरावचे बैल बुजून बंडीसकट नाल्यात उतरले (रूपराव अजून आपल्या घरचा चहा पेत नाई). मंग दादांनी हात वर केलेलं बुजगावणं सडकेच्या काठी रोवलं, त्याले स्वतःचा कोट घातला. रोह्यांनी त्याले पाठ घासून घेतली. पण मोटार थांबली! वर केलेला हात पाहून सवारी सोडून देईल, असा डायवर आपल्या सडकेवर आहे का? उतरून त्यानं बुजगावण्याले इचारलं म्हणे, हिंगणघाट का?

डायवर लोक ओळखतील म्हणून दादा त्याचे कपडे रोज बदलवतात. एक दिवस माझं लुगडं नेलं, तर मोटारी जास्तच हळू झाल्या (पुरुषाची जात, दुसरं काय). आता गावचे लोकही मोटारीसाठी तिथंच उभे राहतात, त्यामुळं खरा माणूस कोणता, हे जवळ आल्याबिगर समजत नाई. सारे डायवर नाल्यापाशी बंडीवानी चालतात. परवा एक रोह्याची मादी पिल्लू घेऊन सडक पार झाली, मोटार उभी राहून पाहत होती. मले तुमची लय आठवण आली.

चुलीवर वरण उतू जाऊन राह्यलं, म्हणून पुरे करते. जिजाबाईच्या लेकरांले पापे.

ता. क. मोटारमालक येऊन गेला. तुमची जागा त्यानं अजून कोणाले दिली नाई. हे लिहू नको, असं दादा म्हणाले होते.

आणखी एक ता. क. सासूबाई रोज संध्याकाळी नाल्यापर्यंत जातात. रोही पाहाले जाते, म्हणतात. पण मोटार हळू झाली, की त्या डायवरच्या जागी कोण बसला तेवढंच पाहतात, आन् वापस घरी येतात. काल मात्र मले म्हणाल्या, "त्याले लिही. हळू चालवजो, पन येजो."